आधी बिऱ्हाड, मग बायको

महाराष्ट्रात 'डोमिसाइल' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. मुलं बारावीला आली की तो घराघरात शिरतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिलं असा गठ्ठा काखोटीला मारून बाप सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो आणि पोरगं या राज्यात १५ वर्षं राहिलंय, हे तहसीलदाराला पटवून देतो. हा अधिवास मागे वळून मोजायचा. राहिलात का, किती वर्षं राहिलात, कागद दाखवा, संपलं. पुढे कुठे राहायचं तुमच्या मनात आहे, याच्याशी तहसीलदाराला देणंघेणं नसतं.

म्हणूनच बहिणीने फोनवर "याचं डोमिसाइल अडलंय" म्हटलं, तेव्हा मी तहसील कचेरीत कोण ओळखीचं आहे ते आठवू लागलो. प्रकरण अमेरिकेचं होतं.

भाचा १९९९ साली न्यू जर्सीत जन्मला. मेव्हणे तेव्हा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर होते. २००३ मध्ये सगळे पुण्याला परतले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. आधी पीआयओ, मग ओसीआय अशा, भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डावर शाळा, कॉलेज आणि हिंजवडीतली नोकरी असं सगळं इथेच झालं. जन्माने अमेरिकन आणि बाकी सर्वार्थाने सहकारनगरचा. अमेरिकेबद्दल विचारलं तर त्याला शाळेची पिवळी बस आठवते, आणि तीही बहुधा फोटोतली. २०२२ मध्ये लग्न झालं, मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिघांनी मिळून तिकडे जायचं ठरवलं. पासपोर्ट याचा अमेरिकन, त्या दोघींचे भारतीय.

असे तरुण पुण्यात, ठाण्यात, नाशकात आता बरेच भेटतात. नव्वदीत आणि नंतर संगणकाच्या लाटेवर गेलेल्या आणि परत आलेल्या घरांमधली ही मुलं. त्यांची लग्नाची वयं झाली आहेत, आणि अमेरिकन कायद्यातला एक प्रश्न आता त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे: बायकोला न्यायचं तर तू स्वतः राहतोस कुठे?

कायदा थोडक्यात असा. नवरा-बायकोसाठी अमेरिकन नागरिकाने आय-१३० हा अर्ज करायचा. तो जगात कुठेही बसून करता येतो. ऑनलाइन भरता येतो, आणि अर्जदाराने अमेरिकेत राहिलं पाहिजे अशी अटही नाही. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची रांगही नाही. इथपर्यंत दार सताड उघडं. अर्ज मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि तिथे आय-८६४ मागतात. या बाईचा खर्च मी उचलेन, ती सरकारच्या अंगावर पडणार नाही, असं हे हमीपत्र. ते देणाऱ्याचं डोमिसाइल अमेरिकेत असलं पाहिजे. म्हणजे दाराला कडी नाही, पण उंबरा गुडघाभर उंच.

ही अट आली कुठून, ते समजून घेतलं तर तिच्यावर नुसतं चिडता येत नाही. येणारा माणूस सरकारी मदतीवर जगू नये, ही काळजी अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात १८८२ पासून आहे. हमीपत्रं पूर्वीही घेत, पण कोर्टात ती टिकत नसत. चांगल्या वर्तनाच्या दाखल्याइतकीच त्यांची किंमत होती. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीने स्थलांतराचा जो कडक कायदा झाला, त्याने हमीपत्राचा कायदेशीर करार केला. डिसेंबर १९९७ पासून तो लागू आहे. जोडीदार अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत ही हमी चालू राहते. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. सात जन्मांच्या जवळपास जाणारं अमेरिकन कायद्यात बहुधा एवढंच असेल. आता करार केला तर वेळ आल्यावर वसूल कुणाकडून करायचं, हा प्रश्न सरकारला पडणारच. हमीदार सहकारनगरात बसलेला असेल तर नोटीस कुठे लावणार? अधिवासाच्या अटीमागचा तर्क हा, आणि तो वेडगळ नाही.

माझी तक्रार पुढे सुरू होते.

अमेरिकेतला अधिवास म्हणजे तिथे घर असणं आणि नजीकच्या भविष्यात ते टिकवण्याचा इरादा असणं. इतके महिने राहिलाच पाहिजेस, असा आकडा नियमात कुठेही नाही. आज बाहेर राहणाऱ्यासाठीही वाट ठेवली आहे. जोडीदार अमेरिकेत पाऊल टाकेल त्या दिवशी किंवा त्याआधी मी तिथे घर करेन, हे व्हिसा अधिकाऱ्याला पटवलं की पुरे. आणि पटवायचं तेही संशयाला जागाच उरू नये इतकं नव्हे, खोट्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त वाटावी एवढंच. त्याहून पुढे जाऊन नियम म्हणतो की हमीदार आणि जोडीदार एकाच वेळी विमानतळावर उतरले आणि हमीदार तिथेच आपलं मुख्य घर करायला आला असेल, तर त्याचा अधिवास झाला असंच धरायचं. एकाच विमानाने, शेजारशेजारच्या खुर्च्यांवरून. कागदावर इतका समजूतदार नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

गोची आहे ती हा इरादा दाखवायचा कसा, यात. मनात काय आहे ते स्कॅन करून अपलोड करता येत नाही. मग पुरावे म्हणून चालतं ते हे: तिकडचं बँक खातं, घराचा भाडेकरार, नोकरीचं पत्र किंवा नोकरी शोधत असल्याच्या खुणा, मुलांचा शाळाप्रवेश, मतदार नोंदणी. यातलं बरंचसं आधीच तिकडे असलेल्या माणसाला सहज मिळतं आणि इकडे असलेल्याला मिळत नाही. म्हणजे नियम विचारतो उद्याचं आणि कागद मागतो आजचे.

बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तीन रविवार यावर घालवले. भाच्याने एका अमेरिकन बँकेत खातं उघडायचा प्रयत्न केला. तिला अमेरिकेतल्या पत्त्याचा पुरावा हवा होता. पत्त्यासाठी घर भाड्याने घ्यावं, तर घरमालकाला क्रेडिट स्कोअर हवा. स्कोअर बँक खात्याशिवाय, कार्डाशिवाय तयार होत नाही. त्याचे चुलत काका न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात. ते म्हणाले, माझ्याकडे राहतोस असं पत्र देतो. मग त्या पत्रावर नोटरी कुठली आणि काकांच्या घराचे कागद सोबत लावायचे का, यावर दोन तास गेले. सूनबाई एका टोकाला बसून पोरीला वरणभात भरवत होती. मध्येच तिने विचारलं, "आम्ही दोघी यांच्याबरोबर जाणार आहोत, हे लग्नाच्या दाखल्यावरून कळत नाही का?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

शेवटी डेक्कनवरच्या एका सल्लागाराकडे गेले. त्याने फी घेतली आणि नियमात नसलेला नियम सांगितला: "एकट्याला पाठवा. सहा महिने तिकडे राहिला की डोमिसाइल आपोआप होतं." हा सल्ला चुकीचा आहे आणि तरीही तो सर्रास दिला जातो, कारण त्यात धोका कमी. भारतातल्या जवळपास सगळ्या स्थलांतर व्हिसांच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होतात. मुलाखतीत पुरावा अपुरा ठरला, तर हाती पडते ती २२१(जी) ची चिठ्ठी. हा कायमचा नकार नव्हे, कागद आणून दिले की फाइल पुन्हा उघडते. पण तोवर इकडची नोकरी सोडायची की नाही, भाड्याचं घर रिकामं करायचं की नाही, पोरीला बालवाडीत घालायचं की नाही, सगळंच टांगणीला. माणूस घाबरतो आणि ज्याची गरज नव्हती ते करतो. कायद्याने न मागितलेली ताटातूट अशी भीतीपोटी घरात शिरते.

या ताटातुटीकडे सोय म्हणून पाहणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. कोकणातल्या चाकरमान्याने गिरणगावात गाळ्यात पथारी टाकली, खानावळीत जेवला, आणि बायको गावी मनीऑर्डरची वाट पाहत राहिली. त्यात पिढ्या गेल्या. तिथे निदान गणपती-शिमग्याला घरी येणं तरी होतं. इथे अर्ज प्रलंबित असताना बायकोने भेटीपुरता टुरिस्ट व्हिसा मागितला, तर कायमचं राहायला जाण्याचा इरादा तिच्या आय-१३०वर लिहिलेलाच असतो. टुरिस्ट व्हिसाचा कायदा नेमका तोच इरादा नसल्याचं सिद्ध करायला लावतो. नवऱ्याचा इरादा पुरेसा दिसत नाही आणि बायकोचा जरा जास्तच दिसतो.

आणि नवरा पुढे, बायको मागे या रचनेत सगळेच नवरे माझ्या भाच्यासारखे नसतात. परदेशी गेलेल्या नवऱ्याने मागे ठेवलेल्या बायकांच्या तक्रारींसाठी आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाला वेगळा एनआरआय कक्ष चालवावा लागतो. सासरच्या घरात, नवऱ्याशिवाय, "कागद व्हायचे आहेत" या एका वाक्यावर बाईला दीडदोन वर्षं ठेवता येतं. खरे कागद अडलेत की नवऱ्याचं मन फिरलंय, हे तिला बाहेरून कळायला मार्ग नाही. एकत्र जाणाऱ्यांना एकत्र जाऊ देणारा नियम असताना तो न वापरण्याकडे लोकांना ढकलणं, याची ही किंमत कुठल्याच फाइलवर नोंदली जात नाही.

आता वसुलीच्या तर्काकडे परत येतो. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी उत्पन्नाचं विवरण मागते. परदेशी पत्नी असलेला माझ्या भाच्यासारखा माणूस सहसा 'विवाहित, पण स्वतंत्र विवरण' या गटात जातो, आणि तिथे विवरण भरायची मर्यादा वर्षाला ५ डॉलर आहे. पाच, फक्त. परकीय उत्पन्नावरच्या सवलतीमुळे कर बहुधा शून्य येतो, पण भरून शून्य दाखवावं लागतं. आमच्या पठ्ठ्याला याचा पत्ताच नव्हता. आय-८६४सोबत करविवरण जोडायचं असतं, म्हणून मागची विवरणं भरणं हा आणखी एक अध्याय झाला. बाहेरच्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर शिल्लक गेली तर त्याचंही वेगळं कळवायचं असतं. मला यात गंमत वाटते ती ही, की करासाठी सरकारला सहकारनगरातला माणूस व्यवस्थित सापडतो. तिथे अंतर आड येत नाही. त्याच माणसाने बायकोची हमी घेतली की तो एकदम आवाक्याबाहेर जातो.

बरं, त्याच्याऐवजी तिथलाच कुणी सापडला तर? काका जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सह-हमीदार, व्हायला तयार आहेत. एडिसनमध्ये घर, पक्की नोकरी, वर्षानुवर्षं भरलेला कर. जॉइंट स्पॉन्सर नाममात्र नसतो, पूर्ण रकमेला तो मूळ हमीदाराइतकाच बांधलेला असतो. सरकारला नोटीस लावायला दार मिळालं, पगार मिळाला, माणूस मिळाला. पण चालत नाही. जॉइंट स्पॉन्सर घेण्यासाठीसुद्धा मूळ अर्जदाराचं स्वतःचं डोमिसाइल लागतं. पैशांची उणीव काका भरून काढू शकतात, पत्त्याची नाही. वसुलीसाठीच ही अट असती, तर ती इथे सैल व्हायला हवी होती. ती होत नाही, म्हणून मला वाटतं की वसुली हे तिचं निम्मंच कारण आहे. उरलेला निम्मा आहे बाहेर राहणाऱ्या नागरिकाबद्दलचा जुना अविश्वास.

पैशाची बाजू लवकर उरकतो. कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं. तिघांसाठी २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते वर्षाला सुमारे ३३,३०० डॉलर होतं. हिंजवडीचा पगार त्यात धरत नाहीत, कारण तिकडे गेल्यावर तो थांबणार. कंपनीनेच बदली दिली तर गोष्ट वेगळी. मालमत्ता दाखवायची तर नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट, आणि ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे. थोडक्यात, आईवडिलांच्या नावावरचा फ्लॅट उपयोगाचा नाही.

एक बारकावा मात्र सोडवत नाही. अमेरिकन सरकारच्या नोकरीत, किंवा परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपनीने तात्पुरतं बाहेर पाठवलेल्या, किंवा अमेरिकन संशोधन संस्थेच्या कामावर असलेल्या नागरिकाचा अधिवास अमेरिकेतच आहे असं मानता येतं. म्हणजे हिंजवडीत एकाच मजल्यावर दोघे अमेरिकन नागरिक बसले आहेत. एकाला डॅलसहून दोन वर्षांसाठी पाठवलंय, दुसऱ्याला इथेच कॅम्पसमधून घेतलंय. पहिल्याच्या बायकोला अडचण नाही. दुसऱ्याने आधी बिऱ्हाड थाटायचं.

आणि छोटी? तिची तर वेगळीच तऱ्हा. बाप अमेरिकन, पण बापाचं नागरिकत्व तिला जन्मतः मिळालं नाही, कारण त्यासाठी बापाने तिच्या जन्माआधी किमान ५ वर्षं अमेरिकेत काढलेली हवीत आणि त्यातली २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. याची सगळी मिळून चार, आणि तीही दुपट्यातली. म्हणून तिचाही वेगळा आय-१३०. ग्रीनकार्डावर उतरून बापापाशी राहू लागली की २००० सालच्या कायद्याने ती आपोआप नागरिक होईल. हे मोजमाप आपल्या तहसीलदाराच्या जातीचं, मागे वळून वर्षं मोजणारं. कडक आहे, पण मला ते कमी जाचक वाटतं. वर्षं आहेत किंवा नाहीत. कुणाच्या मनात डोकवावं लागत नाही आणि कुणाला घाबरून एकटं विमान पकडावं लागत नाही.

शेजारी कॅनडात डोकावलं तर उत्तर तयार दिसतं. बाहेर राहणारा कॅनेडियन नागरिक जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो. अट एवढीच की जोडीदार तिथला कायम रहिवासी होईल तेव्हा हाही तिथे राहायला आलेला असेल. ठराविक उत्पन्नाची अट जोडीदारासाठी सहसा नाही आणि हमी तीन वर्षांची. पुरावे तेही मागतात, अर्ज तेही फेटाळतात. पण बेत काय आहे ते सांगा, ही विचारणा तिथे मुख्य आहे. ब्रिटनने दुसरी वाट धरली. २०१२ मध्ये वार्षिक १८,६०० पौंडांची उत्पन्नाची रेषा आखली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली. बाहेरून परतणाऱ्या ब्रिटिशाला पगाराच्या जोरावर जायचं तर परदेशातला पगारही त्या पट्टीत बसवावा लागतो आणि तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या ब्रिटनमधल्या नोकरीचं पत्रही दाखवावं लागतं. पुण्यातल्या पगाराला ती पट्टी लावून पाहा. त्या मानाने अमेरिकेचा नियम उदार आहे, हे मान्य करायला हवं.

माझं म्हणणं अट काढून टाका असं नाही. नागरिक पुण्यातच राहणार आणि बायकोला नुसतं कार्ड हवं, असले अर्ज येतात. ते नाकारलेच पाहिजेत. बाहेर राहून ते कार्ड टिकतही नाही. ग्रीनकार्डधारकाच्या बाबतीत तर मी अधिक कडक होईन, कारण त्याचा हक्कच मुळी तिथे राहण्यावर उभा आहे, आणि वर्षानुवर्षं पुण्यात राहून तो बायकोसाठी अर्ज करत असेल तर आधी त्याच्याच कार्डाची चौकशी व्हावी. पण जन्माने नागरिक असलेल्या, तिकडे घर कधीच न केलेल्या माणसासाठी पुरेसं काय, ते स्पष्ट लिहून ठेवायला काय हरकत आहे? तिथल्या नातेवाइकाकडे राहण्याचं शपथपत्र, इकडची नोकरी सोडत असल्याचं पत्र, एकत्र काढलेली तिकिटं आणि पात्र जॉइंट स्पॉन्सर एवढं असलं की पुरावा पूर्ण, असं एका ओळीत म्हणता येईल. व्हिसा दिल्यावरही बाप आधी किंवा सोबत उतरला नाही तर विमानतळावर आईला अडवण्याचा अधिकार नियमाने ठेवलेलाच आहे. शेवटची चाळणी हाताशी असताना पहिलीच इतकी बारीक कशाला?

भाचा मार्चमध्ये गेला. एकटाच. एकत्र गेलं तरी चालतं, हे मी त्याला नियम दाखवून सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, नियम तुझा बरोबर आहे, पण मुलाखतीला ती एकटी बसणार आहे. तिच्या हातात काहीतरी जाड असू दे." काकांच्या तळघरात राहतो, एका गोदामात हिशेबाचं काम धरलंय. काकांनी तळघराचा रीतसर भाडेकरार करून दिला आणि विजेचं कनेक्शन याच्या नावावर करून घेतलं. परवा पहिलं बिल आलं, ४१ डॉलरचं. त्याने त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. बहिणीने खाली अभिनंदन लिहिलं, मेव्हण्यांनी फुलांचा गुच्छ टाकला. सूनबाईने ते डाउनलोड करून 'डोमिसाइल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि लिहिलं, पत्त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, दुरुस्त करून घ्या.